रोजची फटफटी, रविवारची फटफटी



फटफटी हा शब्द आता मागे पडला. तरुण मुले 'बाइक' म्हणतात, आणि खेड्यात नुसते 'गाडी' म्हटले तरी ती दोन चाकांचीच, हे वेगळे सांगावे लागत नाही. पण मला आपला जुना शब्दच बरा वाटतो. तो कानाने घडवलेला शब्द आहे. वळणापलीकडून आवाज आला की घरातली माणसे चहाचे आधण ठेवीत, ते याच आवाजावर. आज आपण या फटफटीविषयी चार गोष्टी बोलू. ती कोणती घ्यावी, किती पळते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते तिच्यावर बसणाऱ्या माणसाविषयी.

आपल्याकडे ही गाडी आली ती टप्प्याटप्प्याने. १९५५ साली मद्रासला एनफील्ड कंपनी निघाली आणि बुलेट आपल्या देशात तयार होऊ लागली. पुढे म्हैसूरची जावा आली, राजदूत आली. राजदूत म्हणजे दूधवाल्याचे वाहन, असे समीकरणच होऊन बसले. १९७२ साली पुण्यातून दोन गाड्या निघाल्या, एक बजाजची चेतक आणि दुसरी कायनेटिकची लुना. एकीने मध्यमवर्गाचे कुटुंब वाहिले, तर दुसरीने शिक्षक, तलाठी आणि पोस्टमन यांची सायकल सोडवली. १९८५ पासून हिरो होंडाच्या कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या आल्या, आणि मग खेड्यापाड्यांत दुचाकी ही चैन राहिली नाही, गरज झाली. आता विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या आहेत. त्या फटफट असा आवाजदेखील करीत नाहीत. म्हणजे शब्द मुळापासूनच गेला म्हणायचा! पण रस्ता तोच आहे, आणि पडल्यावर लागायचे ते तेवढेच लागते.

या गाडीवर बसणारी माणसे दोन प्रकारची. एक रोजची आणि एक रविवारची.

रविवारची माणसे तुम्ही पाहिली असतील. पुण्या-मुंबईकडची ही हौशी मंडळी. पावसाळा लागला की ताम्हिणी, माळशेज, वरंधा या घाटांतून त्यांचे तांडे जातात. अंगात जाड जाकीट, त्याला खांद्याशी, कोपराशी आणि पाठीशी टणक गाद्या शिवलेल्या. गुडघ्याला पट्टे, हातांत मोजे, पायांत घोट्याच्या वर येणारे बूट, आणि डोक्यावर हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट. चहाच्या टपरीवर ते थांबले की गावातली पोरे भोवती जमतात, आणि पारावरचा एखादा आजोबा हळूच विचारतो, "कुठल्या लढाईला निघाले म्हणायचे हे?"

हसण्यासारखे आहे खरे. पण या मंडळींची आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. शनिवारी रात्री ते गाडीची साखळी तपासतात, टायरमधली हवा पाहतात, ब्रेक दाबून बघतात. दहा जण निघाले तर पुढे कोण आणि शेवटी कोण, हे आधी ठरते. शेवटचा जो असतो, त्याने कोणालाही मागे टाकून यायचे नाही. दोन गाड्या अगदी शेजारी चालत नाहीत. एक उजवीकडून, तर तिच्या मागची थोडे अंतर ठेवून डावीकडून. एवढी तयारी कशासाठी, तर घाटात धुके पाहून संध्याकाळी परत यायचे म्हणून!

आता रोजचा माणूस पाहा. समजा, एक गुरुजी तालुक्याच्या गावी राहतात आणि शाळा बावीस किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन चव्वेचाळीस. वर्षाचे शाळेचे दिवस दोनशे वीस धरले, तर नऊ हजार सहाशे ऐंशी किलोमीटर झाले. पृथ्वीचा घेर सुमारे चाळीस हजार किलोमीटर, हे गुरुजींनीच वर्गात शिकवलेले असते. म्हणजे चार वर्षांत गुरुजी फटफटीवरून जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा करतात, आणि तीही पायांत चपला घालून, डोक्याला रुमाल गुंडाळून! दूध घालणारा, बँकेतला कारकून, आरोग्यसेविका, वायरमन, कारखान्यात पाळीला जाणारा कामगार, सगळ्यांचे असेच. रविवारचा माणूस महिन्यातून एकदा प्रवासाला निघतो आणि प्रवाशासारखी तयारी करतो. रोजचा माणूस रोज प्रवास करतो, पण आपण प्रवासाला निघालो आहोत असे त्याला वाटतच नाही. 'इथे तर जायचंय' असे तो म्हणतो. माझ्या आजच्या भाषणाचा सगळा मुद्दा या तीन शब्दांत आहे.

या 'इथे तर जायचंय'ची किंमत किती, ते ऐका. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली शंभरातली सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. आणि हेल्मेट नव्हते अशी मेलेली माणसे ५०,०२९. त्यांपैकी ३५,६९२ गाडी चालवणारी आणि १४,३३७ मागे बसलेली. हा शेवटचा आकडा विशेष ध्यानात ठेवा. त्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

कोणी म्हणेल, "आम्ही काही जोरात चालवीत नाही. चाळीसच्या वर काटा जात नाही." ठीक. आपण चाळीसचाच हिशोब करू. चाळीसच्या वेगाने जाणारा माणूस एखाद्या न हलणाऱ्या वस्तूवर आदळला, तर बसणारा धक्का किती? सुमारे वीस फूट उंचीवरून खाली पडल्यावर बसतो तितका. म्हणजे वीस फुटी कोरड्या विहिरीत कठड्यावरून उडी टाकण्यासारखे. आणि साठच्या वेगाने? तुम्ही म्हणाल, तीस फूट. नाही. वेग दीडपट झाला की विहीर सव्वादोनपट खोल होते. साठचा वेग म्हणजे सेहेचाळीस फूट. गुरुजींनी हा हिशोब नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवावा. वेगाचा वर्ग म्हणजे काय, हे मुलांना जन्मभर विसरता येणार नाही.

आता हेल्मेट या वस्तूकडे वळू. हिच्या प्रसाराची कथा ऐकण्यासारखी आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स हे इंग्रज गृहस्थ फटफटीचे मोठे शौकीन होते. १९३५ च्या मे महिन्यात, आपल्या घराजवळच्याच रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला त्यांनी गाडी वळवली आणि ते फेकले गेले. डोक्याला मार लागला. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते वारले. ज्याने वाळवंटातली लढाई पाहिली तो माणूस घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर गेला, हे लक्षात घ्या.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. ही घटना त्यांच्या मनातून गेली नाही. पुढे दुसरे महायुद्ध आले, आणि सैन्याचे निरोप घेऊन फटफटीवरून धावणारे जवान डोके फुटून दवाखान्यात येऊ लागले. केर्न्स यांनी नोंदी ठेवल्या. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटरसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेली माणसे मेली होती. अपघाताच्या वेळी शिरस्त्राण घातलेले असे सातच जण केर्न्स यांच्या पाहण्यात आले, आणि ते सातही जण वाचले. १९४१ साली त्यांनी हा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सात म्हणजे फार थोडी माणसे, असे शास्त्रज्ञ म्हणतील. पण त्यानंतर जगभर पुष्कळ अभ्यास झाले. ते सगळे एकत्र करून २००८ साली काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हेल्मेट अमरपट्टा नव्हे. पण शंभरातली चाळीस माणसे घरी परत आणणारी दुसरी कोणती वस्तू बाजारात मिळते, ते मला सांगा.

हे काम ते करते कसे? कोकणातल्या श्रोत्यांना हे चटकन कळेल. सोललेला नारळ दगडावर आपटला की फुटतो. पण तोच नारळ सोडणासकट चाळीस फुटांवरून पडतो आणि गडगडत बाजूला जातो. सोडण दबते. धक्का एकदम न बसता अंमळ सावकाश बसतो, आणि आतली करवंटी वाचते. हेल्मेटची बाहेरची टणक कवटी धक्का पसरवते आणि आतला थर्मोकोलसारखा थर चेचला जाऊन तो जिरवतो. म्हणून आतला हा थर हीच खरी वस्तू आहे. तो नसलेली, नुसत्या प्लॅस्टिकची टोपी रस्त्याकडेला स्वस्तात मिळते. ती पोलिसाला दाखवायला ठीक. दगडाला दाखवायला तिचा उपयोग नाही. भारतीय मानक संस्थेचे ठरलेले मानक आहे, आय. एस. ४१५१. ते अक्षर आणि आकडा पाहून घ्या. आणखी एक. चेचलेला थर पुन्हा फुगत नाही. ज्या हेल्मेटने एकदा जोराचा मार खाल्ला, त्याने आपले काम केले. त्याचे आभार मानून ते टाकून द्या, धाकट्या भावाला देऊ नका.

माप घेताना ते गालाला घट्ट लागले पाहिजे. डोके हलवले तर हेल्मेट वेगळे हलता कामा नये. आणि हनुवटीखालचा पट्टा! पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच हिसक्याला उडून जाते आणि डोके मागे राहते. पट्ट्याखाली जेमतेम एक बोट जावे, इतका तो आवळावा. काच स्वच्छ ठेवावी. काळी काच दिवसा शोभते, रात्री ती आंधळे करते.

यावर लोकांच्या तक्रारी असतात. उकडते. हो, उकडते, मार्च-एप्रिलमध्ये फारच उकडते. डोक्याला सुती कापड बांधून वर हेल्मेट घातले आणि कापड रोज धुतले, की घाम टिपला जातो. केस जातात म्हणतात. केस जायचे ते आनुवंशिकतेने जातात. हेल्मेट न घालणाऱ्यांची टक्कले आपण काय कमी पाहिली आहेत? ऐकू येत नाही म्हणतात. पण हॉर्न ऐकू येतो. कानाशी मोबाइल दाबून मान वाकडी करून चालवणाऱ्याला मात्र खरोखरच काही ऐकू येत नाही.

आता तो मघाचा आकडा. मागे बसलेली १४,३३७ माणसे. आपल्याकडे मागे कोण बसते? बायको बसते, आई बसते, मुलगी बसते. तीही एका बाजूला पाय सोडून, एका हातात पिशवी आणि मांडीवर मूल घेऊन. पुढच्याने हेल्मेट घातलेले असते, कारण चौकात पोलीस त्याला अडवतो. मागचीच्या डोक्यावर पदर. अहो, गाडी पडली म्हणजे पुढचा आणि मागची एकाच उंचीवरून पडतात! मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम पुढच्या-मागच्यात भेद करीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागते. सूट आहे ती पगडी घालणाऱ्या शिखांना. नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलांसाठी मापाचे हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा पट्टा लागतो, आणि अशा वेळी वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही, असा नियम आहे. १२८ व्या कलमाप्रमाणे चालकाच्या मागे एकच माणूस. आपण तीन बसवतो आणि टाकीवर चौथे! कायदा राहू द्या बाजूला. घरात दोन हेल्मेटे असावीत, एवढेच माझे म्हणणे आहे. लग्नात मुलीला गाडी देता, तर तिच्याबरोबर दोन हेल्मेटेही का देऊ नयेत?

लुगड्याचा पदर, ओढणी, उपरणे ही चाकात जातात आणि क्षणात माणसाला खाली ओढतात. मागच्या चाकाला जे जाळीचे आवरण असते, ते नियमाने आहे. काही मुले शोभा जाते म्हणून ते काढून टाकतात. ते काढू नका. पदर खोचून, ओढणीला मागे गाठ मारून मगच बसावे.

रविवारच्या मंडळींचे जाकीट हजारो रुपयांचे असते. ते सगळ्यांना परवडणार नाही, हे मला कळते. पण त्यातले तत्त्व फुकट घेता येते. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे. साधे, तळव्याला जाड असलेलेही चालतील. घसरताना डांबर कातडी सोलते, म्हणून पूर्ण बाह्यांचा जाड कपडा. पाय गाडीखाली सापडतो, म्हणून बूट. चपलेने गिअर टाकणे आणि पाय टेकणे दोन्ही धोक्याचे. आणि पावसात काळा रेनकोट घेण्याऐवजी पिवळा किंवा नारिंगी घ्या. मागे चमकणारी पट्टी चिकटवा. वीस-तीस रुपयांची पट्टी ट्रकवाल्याला शंभर पावलांवरून सांगते, 'इथे माणूस आहे.'

आपले रस्ते कसे आहेत, ते शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही. ते ऋतूप्रमाणे बदलतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन साबणासारखा थर तयार होतो. पहिला अर्धा तास थांबावे. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची चाके शेतातली चिकण माती डांबरावर आणून टाकतात. सुगीत लोक मळणीसाठी कडधान्य आणि काड रस्त्यावर पसरतात. त्यावर ब्रेक दाबला की गाडी गेलीच. आणि गळीत हंगामात, दिवस मावळल्यावर, उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, ऊस दोन-दोन हात बाहेर आलेला. साठच्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या, चांगल्या डांबरावरसुद्धा थांबायला चाळीसेक मीटर घेते. त्यातले सतरा मीटर तर हात ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. चाळीसच्या वेगाला वीसेक मीटर पुरतात. म्हणून रात्रीचा नियम एकच. आपला दिवा जिथवर दाखवतो, तेवढ्यात थांबता येईल असा वेग. आणि ट्रॅक्टरवाल्या बंधूंना विनंती, की ट्रॉलीला मागे लाल परावर्तक लावा. तुमच्या मागून येणारा कदाचित तुमचाच मुलगा असेल.

ओझ्याचे दोन शब्द. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या असाव्यात. अर्धी भरलेली किटली डुचमळते आणि वळणावर गाडीला ओढते. फवारणीचा पंप, कुदळीचा दांडा आडवा बांधू नये. ब्रेक दोन्ही एकदम, पण हळूहळू दाबत जावे. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, ही समजूत इतकी पक्की आहे की पुष्कळ जण तो वापरीतच नाहीत. खरे म्हणजे गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त गाडी सरळ असताना, वाळू-खडी नसलेल्या जागी, तो सावकाश आवळायचा असतो.

आणि एवढे करूनही कोणी पडलाच, तर? रस्त्याने जाणारे पुष्कळ जण पोलिसांच्या फेऱ्याला भिऊन थांबत नाहीत. ती भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटल्याचे बालंट येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. १०८ क्रमांक फिरवा. जखमीला बसते करून पाणी पाजू नका. मान हलवू नका. त्याला श्वास घेता येत असेल, तर हेल्मेट ओढून काढू नका. ते काम जाणत्यावर सोडा.

शेवटी दोघांशी दोन शब्द. रविवारच्या मंडळींना सांगणे असे, की तुमची तयारी चांगली आहे, पण ज्या घाटात तुम्ही धुके पाहायला येता, तो कोणाचा तरी शाळेचा आणि दवाखान्याचा रस्ता आहे. गाव आले की वेग तीसवर आणा, आणि कानठळ्या बसवणारी नळी घरी ठेवून या.

आणि गुरुजींना, बाईंना. मुले धड्यातले किती ध्यानात ठेवतात ते परीक्षेत दिसते. पण गुरुजी गाडीवरून कसे येतात, हे ती रोज पाहतात आणि न शिकवता शिकतात. शाळेच्या फाटकात तुम्ही पट्टा सोडून हेल्मेट काढलेत, ते टेबलावर ठेवलेत आणि हजेरी घ्यायला लागलात, तर तो दिवसाचा पहिला धडा झाला. त्या वर्गातली मुले पाच-सात वर्षांत स्वतः गाडीवर बसणार आहेत. ती 'इथे तर जायचंय' म्हणतील की कोनाड्यातले हेल्मेट उचलतील, हे बरेचसे त्या टेबलावरच ठरते.

तेव्हा उद्या सकाळी तीनच गोष्टी करा. टायर दाबून पाहा, पट्टा लावा, आणि मागे बसणारीच्या डोक्याकडे एकदा बघा. मगच गाडीला किक मारा.